दुसरी बॅटरी लावली, तरी सकाळी सेल्फ घेत नाही? होडीवरच्या दोन बॅटऱ्यांची तपासणी

जीपीएस, फिशफाइंडर, व्हीएचएफ रेडिओ आणि दिवे रात्रभर चालले की सकाळी इंजिनाची बॅटरी उतरलेली असते. म्हणून दुसरी बॅटरी घेतली जाते. महिना-दोन महिने बरे जातात आणि मग एका सकाळी दोन्ही बॅटऱ्या बसतात. मग तिसरी घ्यायची चर्चा सुरू होते. ती घेण्याआधी खालचा क्रम पूर्ण करा. अशा तक्रारीत बॅटरी स्वतः दोषी असण्यापेक्षा तिची जोडणी, तिचं चार्जिंग किंवा तिची बैठक चुकलेली असण्याची शक्यता जास्त. नवी बॅटरी त्याच जोडणीवर चढवली तर तीही तशीच मरते.

हे सगळं १२ व्होल्टच्या फायबर किंवा लाकडी होडीसाठी आहे, इंजिन डिझेल असो वा सेल्फ असलेलं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावलेलं). २४ व्होल्टच्या ट्रॉलरचं शेवटी थोडक्यात येईल.

आधी लक्षण ओळखा

- सकाळी दोन्ही बॅटऱ्या एकसारख्या उतरलेल्या: त्या रात्रभर एकमेकींना जोडलेल्या राहिल्या.
- इंजिनाची बॅटरी ठणठणीत, दुसरी रोज थोडी थोडी खाली: दुसरीपर्यंत चार्ज पोचत नाही, किंवा खर्च आवकेपेक्षा जास्त आहे.
- सेल्फ मारताच जीपीएस बंद होऊन पुन्हा सुरू होतो: जीपीएस अजून इंजिनाच्याच बॅटरीवर आहे.
- धक्क्यावर सगळं ठीक, लाटेत मात्र दिवे लुकलुकतात, व्हीएचएफ मध्येच बंद: बॅटरी हलते आहे किंवा लग (केबलच्या टोकाची कडी) सैल आहे.
- सेल्फचा नुसता 'कट' आवाज, पण मीटरवर १२.६ व्होल्ट: केबलच्या सांध्यात अडथळा.
- एकाच बॅटरीचं पाणी सारखं कमी होतं: जास्त चार्जिंग, किंवा एक सेल गेलेला.

१. स्विच कुठे आहे ते बघा

याला पैसाही लागत नाही आणि हत्यारही. १–२–दोन्ही असा गोल स्विच असेल तर रात्री तो 'दोन्ही'वर राहिला होता का, हे खलाशांना विचारा. सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. 'दोन्ही'वर असताना तुमच्याकडे दोन बॅटऱ्या नसतात, एकच मोठी बॅटरी असते आणि ती पूर्ण उतरते. इंजिन सुरू करताना १ (इंजिनाची बॅटरी), नांगरावर किंवा जाळं टाकून थांबल्यावर २ (दुसरी बॅटरी), आणि 'दोन्ही' फक्त इंजिन चालू असताना. हे स्विचशेजारी रंगाने लिहून ठेवा. रात्रीच्या पाळीतल्या माणसाने लक्षात ठेवावं अशी अपेक्षा करू नका.

दोन खबरदाऱ्या. इंजिन चालू असताना स्विच 'बंद'वरून फिरवू नका. अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) बॅटरीशी संबंध क्षणभर तुटला तरी व्होल्टेज उसळतं आणि त्याचे डायोड जातात. दुसरी गोष्ट, एक बॅटरी पूर्ण भरलेली आणि दुसरी पार रिकामी असताना 'दोन्ही' केलं तर भरलेली बॅटरी रिकामीत ओतायला लागते आणि केबल गरम होते.

२. बॅटरी हाताने हलवून बघा

हाही फुकटचा तपास, आणि बहुतेक जण नेमका हाच सोडतात. १०० अँपिअर-अवरची बॅटरी २५ ते ३० किलोची असते. होडी लाटेवरून आपटते तेव्हा ती दर वेळी जागेवरून उठायला बघते. ती दोन बोटं जरी सरकली तरी तो सगळा ओढा टर्मिनलवरच्या लगवर येतो. आधी लग सैल होतो, मग ठिणगी पडते, काळा थर चढतो, आणि शेवटी टर्मिनलच्या बुडाशी केसाएवढी चीर पडून तिथून ॲसिड पाझरतं. वरून दिसतं ते एवढंच की 'बॅटरी खराब निघाली'.

अमेरिकेच्या होड्यांच्या नियमांत यासाठी साधी कसोटी आहे, ती आपल्याकडेही वापरण्यासारखी आहे. बॅटरीला ९० पौंड, म्हणजे साधारण ४० किलो, किंवा बॅटरीच्या वजनाच्या दुप्पट, यातलं जे कमी असेल तेवढ्या जोराने ओढायचं: वर, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक दिशेला एक मिनिट. कुठेही एक इंचापेक्षा जास्त सरकली तर बैठक नापास. ४० किलोचा ओढा म्हणजे एका धडधाकट माणसाने दोन्ही हातांनी जोर लावणं.

टायरच्या ट्यूबचे पट्टे, नायलॉनची दोरी, कोपऱ्यात ठोकलेली फळी: यातलं काहीच या कसोटीला टिकत नाही. रबर ताणतं. नायलॉन भिजलं की सैलावतं. फळीमुळे बॅटरी आडवी सरकत नाही, पण वर उडायची थांबत नाही.

नीट बैठक अशी करा:

फायबरच्या तळात सरळ स्क्रू कधीही मारू नका. तळाच्या आतल्या उभ्या-आडव्या कण्यांना १८ मिमी मरीन प्लायचा तुकडा रेझिन आणि मॅटने चिकटवा, त्याच्या कडा आणि भोकंही रेझिनने बंद करा. प्लाय उघडा राहिला तर एका पावसाळ्यात फुगतो आणि स्क्रू सुटतात. लाकडी होडीत थेट वाकांवर (आतल्या बरगड्यांवर) आडवी पट्टी बोल्ट करा. त्यावर बॅटरीच्या मापाचा प्लॅस्टिक ट्रे, खाली ३ मिमी ॲसिडला टिकणारं रबर. वरून ५० मिमी रुंदीचा पॉलिस्टरचा पट्टा आणि स्टीलचं बकल, किंवा ३१६ स्टीलचे दोन स्टड आणि वरून आडवी पट्टी. ती पट्टी धातूची असेल तर तिच्यावर रबरी नळी चढवा. ती घसरून दोन्ही टर्मिनलांवर पडली तर वेल्डिंगच होईल. बकल टर्मिनलच्या वर येऊ देऊ नका.

जागा निवडताना: तळात साठणाऱ्या पाण्याच्या वर, मध्यरेषेच्या जवळ, इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, आणि डिझेल-पेट्रोलची टाकी, फिल्टर किंवा पाइपच्या सांध्याच्या थेट वर किंवा खाली नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेटतो. हवेपेक्षा हलका असल्याने तो वर साठतो, म्हणून खोक्याचं भोक झाकणाच्या वरच्या बाजूला हवं. खालचं भोक फक्त पाणी काढायला. समुद्राचं पाणी बॅटरीच्या आत गेलं तर क्लोरीन वायू तयार होतो, हे 'पाण्याच्या वर' म्हणण्याचं दुसरं कारण.

३. लग आणि टर्मिनल

लागणारं सामान: पाना, पॉलिश पेपर, खायचा सोडा, पेट्रोलियम जेली. निगेटिव्ह आधी काढा, शेवटी लावा. पॉझिटिव्ह सोडताना पाना इंजिनाला टेकला तरी निगेटिव्ह सुटलेली असेल तर काही होत नाही.

सोडा एक चमचा अर्धा लिटर कोमट पाण्यात घेऊन पांढरा-हिरवा खार धुवा, बूच घट्ट बंद ठेवून. आतमध्ये सोडा गेला तर ॲसिड मरतं. मग खांब (बॅटरीचं टर्मिनल) आणि लग दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासा, आवळा, आणि जेली *नंतर* वरून लावा.

तीन गोष्टी नेहमी चुकीच्या सापडतात. एक, लगच्या खाली घातलेला स्टीलचा वॉशर. स्टील तांब्यापेक्षा फार वाईट वाहक आहे. लग खांबाला थेट टेकला पाहिजे, वॉशर वर. दोन, पाकळीचा नट. हाताने आवळलेला इंजिनाच्या थरथरीने सुटतो. नायलॉन रिंगचा लॉक नट वापरा. तीन, एका खांबावर सात-आठ वायरी. चारपेक्षा जास्त नकोत. सगळ्यात जाड लग सगळ्यात खाली, आणि बाकीचं बस-बारवर (अनेक वायरी जोडायच्या तांब्याच्या पट्टीवर) न्या.

केबल संशयास्पद वाटली तर लगपासून दोन सेंटिमीटर मागे इन्सुलेशन सोला. आत तांबं काळं-हिरवं असेल तर खारं पाणी आत चढलं आहे. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा. एक हात कापूनही लागलं नाही तर केबल बदला. घरातली वायर होडीवर वापरू नका. कथिलाचा मुलामा असलेली, बारीक तारांची केबलच टिकते. लग क्रिंपिंग मशीनने दाबून त्यावर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब चढवा. हातोडीने ठोकलेला लग पहिल्या वर्षीच पोकळ होतो.

४. मीटर लावा

चारशे-पाचशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरे. दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून सोडा, दोन तास शांत ठेवा, मग प्रत्येकीचं व्होल्टेज वेगवेगळं घ्या. जोडलेल्या अवस्थेत घेतलेला आकडा निरुपयोगी, कारण चांगली बॅटरी वाईट बॅटरीला झाकते. शिशाच्या बॅटरीसाठी: १२.६ ते १२.७ पूर्ण, १२.४ पाऊण, १२.२ निम्मी, १२.० पाव, ११.८ संपलेली. रात्रभर बाहेरच्या चार्जरवर ठेवूनही १०.५ च्या आसपासच राहत असेल तर एक सेल गेला. ती बॅटरी भंगारात द्या. पाण्याची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल बघा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यात ०.०५० चा फरक असेल तरी निकाल तोच.

आता सेल्फ मारताना. डिझेलचा स्टॉप ओढून धरा म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि चार-पाच सेकंद सेल्फ फिरवा. बॅटरीच्या खांबांवर व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी थकलेली आहे. खाली गेलं नाही, तरी सेल्फ मंद असेल तर अडथळा केबलमध्ये आहे. तो असा शोधा: लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (लगवर नव्हे, खांबावर), काळी सेल्फच्या बोल्टवर, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की त्या वाटेवर कुठेतरी सांधा खाल्लेला आहे. मग प्रोब एकेक सांधा पुढे सरकवत जा. आकडा जिथे उडी मारतो तिथेच दोष. निगेटिव्हलाही हेच करा, बॅटरीच्या खांबापासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत. तिथे ०.३ च्या आत हवं. या एका तपासाने कित्येक चांगल्या बॅटऱ्या आणि सेल्फ मोटरी वाचतात.

५. चार्ज दुसरीपर्यंत पोचतो का

इंजिन सुरू करून मध्यम वेगात दहा मिनिटं चालवा. दोन्ही बॅटऱ्यांच्या खांबांवर व्होल्टेज घ्या. १३.८ ते १४.४ दोन्हीकडे हवं.

पहिलीवर १४.२ आणि दुसरीवर १२.५ असेल तर मधला दुवा तुटला आहे. व्होल्टेज बघून जोडणारा रिले असेल तर तो साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला सोडतो. त्याची बारीक काळी निगेटिव्ह वायर गंजली की तो कधीच जोडत नाही. रिले बदलण्याआधी ती वायर बघा, मग दोन्ही टोकांचे फ्यूज.

दोन्हीवर १३.५ च्या आसपासच असेल तर दुवा बहुधा जुन्या पद्धतीचा डायोडचा आहे. सिलिकॉन डायोड ०.६ ते ०.७ व्होल्ट स्वतः खातो, आणि बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या प्लेटवर सल्फेट कडक होत जातं. डायोड काढून रिले बसवा.

दोन्हीवर १५ च्या वर असेल तर इंजिन बंद करा. अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला आहे.

दुव्याची केबल बारीक असणं हाही नेहमीचा दोष. जाऊन-येऊन ४ मीटर वाटेवर ४० अँपिअर नेताना ६ स्क्वेअर एमएम केबलमध्ये जवळजवळ अर्धा व्होल्ट पडतो, १६ मध्ये ०.१८. म्हणून १६ घ्या, आणि पॉझिटिव्हला *दोन्ही* टोकांशी, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, ८० अँपिअरचा फ्यूज. दोन्ही टोकांशी अशासाठी की इथे दोन्ही बाजूंना बॅटरी आहे. एका बाजूचा फ्यूज उडाला तरी दुसरी बॅटरी शॉर्टमध्ये ओततच राहते.

आउटबोर्डवाल्यांनी आणखी एक हिशेब करावा. लहान आउटबोर्डची चार्जिंग कॉइल ६ ते १२ अँपिअर देते, तेही पूर्ण वेगात, मंद वेगात फारच कमी. रात्रीत ५० अँपिअर-अवर गेले असतील तर परत भरायला साठ लागतात. म्हणजे १० अँपिअरने सहा तास पूर्ण वेग. एवढं कोणी चालवत नाही. अशा होडीला १०० वॉटचं सोलर पॅनल दुसऱ्या बॅटरीवर, कंट्रोलरसकट, तिसऱ्या बॅटरीपेक्षा कितीतरी उपयोगाचं: स्वच्छ उन्हात दिवसाला २५ ते ३० अँपिअर-अवर.

६. बंद असताना कोण खातं

सगळं बंद करून दुसऱ्या बॅटरीची निगेटिव्ह काढा, मीटर १० अँपिअरच्या रेंजवर मधे लावा. सेल्फ मारू नका, मीटर जळेल. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. अर्धा अँपिअर गळत असेल तर तीन दिवसांत ३६ अँपिअर-अवर जातात. खाऱ्या पाण्याने ओली झालेली जोडपट्टी, पाणी उपसणाऱ्या पंपाचा अडकलेला फ्लोट स्विच आणि सदा चालू मोबाइल चार्जर हे नेहमीचे चोर. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये सुरू झालेल्या योजनेतून मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर (नौकेची जागा कळवणारं यंत्र) बसताहेत. त्याची वायर घाईत इंजिनाच्या बॅटरीला जोडलेली नाही ना, हेही बघा. ती दुसऱ्या बॅटरीवर, स्वतःच्या फ्यूजसह हवी.

७. बॅटरीच चुकीची आहे का

हिशेब कागदावर करा. जाळं टाकून ११ तास: जीपीएस-फिशफाइंडर १.२ अँपिअर म्हणजे १३, व्हीएचएफ ऐकणं-बोलणं मिळून ६, एलईडी दिशादर्शक दिवे ९, डेकवरचा ४० वॉटचा एलईडी चार तास १३, मोबाइल ४, पंप ३. एकूण ४८ अँपिअर-अवर. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून १०० ची हवी. तेच जुने २५ वॉटचे तीन बल्ब असतील तर नुसते दिवेच ६६ खातात. अशा वेळी बॅटरीआधी बल्ब बदला. मात्र फार स्वस्त एलईडीने व्हीएचएफवर खरखर येते. दिवा लावून रेडिओ ऐका, मगच पक्का करा.

गाडीची बॅटरी सेल्फसाठी बनते. तिच्या प्लेट पातळ असतात, रोज खोल उतरवली की काही महिन्यांत बसते. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर खोल उतरणं सोसते, पण ती उंच, १५० ची तर ५०–६० किलोची, आणि कलल्यावर ॲसिड सांडते. लहान होडीत ती नकोच. सीलबंद एजीएम (ॲसिड सांडत नाही अशी) डीप-सायकल, म्हणजे खोल उतरणं सोसणारी, हा लहान होडीसाठी शहाणपणाचा पर्याय, फक्त इंजिनाच्या खोलीच्या उष्णतेत ती लवकर मरते. लिथियम फॉस्फेट हलकी आणि टिकाऊ, पण साध्या रिलेवर लावू नका. तिचं आरामातलं व्होल्टेजच १३.३ च्या आसपास असल्याने रिले सुटतच नाही, आणि तिच्या आतल्या सर्किटने अचानक तोडलं तर अल्टरनेटर जातो. तिला डीसी-डीसी चार्जर लागतो.

२४ व्होल्टच्या ट्रॉलरवर

मालिकेत जोडलेल्या दोनपैकी एकाच बॅटरीवरून जीपीएससाठी १२ व्होल्ट काढलेले असतील तर ती बॅटरी उतरत जाते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

जून-जुलैची बंदी

मासेमारी बंदीमुळे १ जून ते ३१ जुलै होडी वर असते आणि बॅटऱ्या विसरल्या जातात. निगेटिव्ह काढून, पूर्ण चार्ज करून, डिस्टिल्ड वॉटर भरून ठेवा आणि महिन्याने पुन्हा चार्ज द्या. दोन महिने १२.४ च्या खाली पडून राहिलेली बॅटरी नारळी पौर्णिमेनंतर पहिल्याच फेरीत दगा देते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

बॅटरी फुगली असेल किंवा कुजक्या अंड्याचा वास येत असेल तर हात लावू नका. इंजिन आणि चार्जर बंद करा, बॅटरी ठेवलेल्या जागेचं झाकण उघडून हवा जाऊ द्या, स्विचही फिरवू नका. जागेत पेट्रोलचा वास असेल तरी तसंच. चार्जिंग १५ व्होल्टच्या वर जात असेल, केबल हाताला चटका देत असेल, बॅटरी खाऱ्या पाण्यात बुडाली असेल, लिथियम बसवायची असेल, किंवा पंख्याजवळचा झिंक (गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा) नेहमीपेक्षा फार लवकर झिजत असेल (म्हणजे वीज पाण्यात गळते आहे), तर घरचे प्रयोग बंद. लोखंडी होडीवर तर पहिल्यापासूनच.

बोलवाल तो गाडीच्या गॅरेजातला नको, होडीचं काम करणारा हवा. त्याला फोनवरच चार आकडे सांगा: दोन्ही बॅटऱ्यांचं सोडवून घेतलेलं व्होल्टेज, सेल्फ मारतानाचं, इंजिन चालू असताना दोन्हीकडचं, आणि सगळं बंद असतानाची गळती. त्यावरून तो रिले आणायचा की रेग्युलेटर, हे निघण्याआधीच ठरवू शकतो.